निळ्या कागदावरचा हिरवा

मनमोहन कोठारे यांच्या नाकावर माशी बसत नसे. बसलीच असती, तर तिलाही त्यांनी आधी रीतसर अर्ज करायला लावला असता. ठाकूरद्वारच्या झावबावाडीत त्यांच्या तीन पिढ्या नांदल्या. आजोबांची माहीमला नारळाची वाडी होती, ती वडिलांच्या हातून गेली आणि मनमोहनरावांच्या वाट्याला पाठारे प्रभूंची ऐट तेवढी आली. ती मात्र त्यांनी जिवापाड जपली. पांढरा कडक कोट, काळी टोपी आणि चकचकीत बूट अशा थाटात ते रोज सकाळी ट्राममध्ये चढत आणि फोर्टातल्या सरकारी कचेरीपाशी उतरत. कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. म्हणजे नकाशे काढायचे. पण असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "नकाशे शाळेतली पोरं काढतात," ते म्हणत, "मी सरकारचा शब्द कागदावर उतरवतो."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांची शाखा खाणपट्ट्यांची. सरकारी जंगलाच्या पोटात मँगनीज किंवा लोखंड सापडलं, की एखादी कंपनी ते काढायचा पट्टा मागते आणि सरकार तो देतं. पण देतं ते पोटातलं. वरची झाडं, पाणी, गुरांच्या वाटा वनखात्याकडेच राहतात, आणि त्यातल्या काही तुकड्यांना तर कंपनीने बोटसुद्धा लावायचं नसतं. करारात नुसतं लिहिलेलं असतं की 'सोबतच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या क्षेत्रात पृष्ठभागाला हात लावू नये.' तो हिरवा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरायचं कोठाऱ्यांच्या कुंचल्याने.

हा हिरवा साऱ्या कचेरीत नावाजलेला होता. नकाशे काढायचं ते पारदर्शक मेणकापड, ट्रेसिंग क्लॉथ, असं नाठाळ की पाण्याचा रंग त्यावर बसत नाही, थेंब थेंब होऊन पळतो. मनमोहनराव गँबोजचा पिवळा आणि प्रशियन ब्लूचा निळा एकत्र करत, त्यात नखाएवढा साबण घोळत, आणि एका दमात असा फिकट, एकसारखा हात देत की कुठे थर नाही, कुठे डाग नाही. कडेला शाईची रेघसुद्धा नाही. रंग जिथे थांबायचा तिथेच थांबे. त्यांच्या हाताखालचा माधव हा तरुण ड्राफ्ट्समन शाईच्या तिरप्या रेघा मारून असे तुकडे दाखवी. त्याला मनमोहनराव म्हणत, "माधवराव, ह्या रेघा गवंड्यांसाठी ठेवा. जंगल आहे हे, जंगल हिरवं असतं." माधव नुसता हसे. येत्या एप्रिलात हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी व्हायची होती आणि ती कुणाला मिळणार याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. मनमोहनरावांच्या तर मुळीच नव्हती.

ही गोष्ट द्विभाषिक मुंबई राज्याच्या दिवसांतली, अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीतली. रस्त्यात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा रोज कानावर पडत होती, आणि कचेरीत विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र असा सगळीकडचा कारभार येऊन पडल्यामुळे फायलींचे डोंगर झाले होते. पूर्वी प्रत्येक नकाशाच्या दोन प्रती हाताने काढून हाताने रंगवत. आता सहा-सहा लागत, म्हणून त्या फेरोच्या कागदावर निघत. मूळ ट्रेसिंग आणि औषध लावलेला कागद काचेच्या चौकटीत दाबायचे, चौकट गच्चीवर उन्हात ठेवायची, मग कागद पाण्याने धुवायचा. कागद निळा होई आणि शाईच्या रेघा पांढऱ्या उमटत. हे काम रामजी शिपायाचं. प्रती तयार झाल्या की रामजी त्यांच्या घड्या घालून परस्पर फायलीत लावी. नुसत्या प्रतींकडे बघायला मनमोहनरावांना सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. मूळ नकाशा त्यांनी काढला होता ना, मग प्रतीत काय बघायचं?

त्या शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर ते जिना उतरत होते, तर खाली खांबाला टेकून एक माणूस उभा. खाकी अर्धी चड्डी, धुतलेला सदरा, केसांत कापसाचा धागा अडकलेला. मनमोहनरावांनी त्याला लगेच ओळखलं. हा बुधाजी. परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, राहायला लालबागला, गाव सावंतवाडीकडचं कातळवणे. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी जंगल आणि जंगलात देवाची राई. त्या राईतून कुणी काटकीसुद्धा उचलत नाही. वाळलेलं झाड पडलं तर जिथे पडलं तिथेच कुजतं. राईच्या पोटातून एक झरी निघते आणि सारं गाव तिचं पाणी पितं. जंगलाचा खाणपट्टा एका कंपनीला द्यायचं ठरलं तेव्हा मुंबईतल्या कातळवणेकरांनी अर्ज केला होता आणि राईची नेमकी हद्द सांगायला बुधाजीला कचेरीत पाठवलं होतं. मागल्या साली तो मनमोहनरावांच्या टेबलापाशी तासभर बसला होता. मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून त्याने दगड न् दगड सांगितला होता.

त्या वेळी मनमोहनराव ऐटीत म्हणाले होते, "बुधाजी, आमच्या वाडीत तळमजला एकाचा आणि माडी दुसऱ्याची. तळमजल्यावाला खाली काय वाट्टेल ते करो, माडीचे खांब काढता येत नाहीत त्याला. तसंच हे. खालचं मँगनीज कंपनीचं, वरची राई तुमची. मी तिला हिरवा दिलाय. माझ्या हिरव्याला कुणी हात लावत नाही."

आज बुधाजीचा चेहरा उतरलेला होता. "साहेबानु, भावाची चिठी इली हा," तो म्हणाला. "कंपनीची माणसां इली होती. त्रेसष्ट झाडांवर चुन्यान नंबर घातल्यानी. तोडूचे म्हणतत. वरची माती काढून खाली जातले."

"कुठल्या झाडांवर?"

"रायेतल्या."

"अरे, शक्यच नाही!" मनमोहनराव चिडलेच. "हद्द चुकली असेल त्यांची. नकाशा बघता येत नसेल."

"नकाशो घेवनच इली होती. निळो." बुधाजीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुमी म्हणालास, रायेक कोण हात लावचो नाय. आमी त्याच भरवशावर रवलों."

मनमोहनरावांनी त्याला तिथेच उभं केलं आणि ते तावातावाने परत जिना चढले. कातळवण्याची फाइल त्यांनी कपाटातून काढली, निळ्या प्रतीची घडी उघडली आणि खिडकीपाशी नेली. डोंगर होता, ओढा होता, पट्ट्याची हद्द होती. कोपऱ्यात खुणांचा तक्ता होता आणि त्यात पांढऱ्या सुरेख अक्षरांत त्यांनीच लिहिलेली ओळ होती: हिरवं क्षेत्र, पृष्ठभागाला हात लावू नये. आणि सगळा कागद इथून तिथून निळा होता.

सूर्याला शाई दिसते. फिकट हिरवा त्याला दिसत नाही. फार तर एखादा पुसट डाग पडला असेल, आणि डाग तर कागद धुताना पडतातच. कडेला एक शाईची रेघ असती तरी राई निळ्या कागदावर उमटली असती. पण रेघेशिवाय कड राखायची हीच तर कोठाऱ्यांची शान होती. कराराला जोडायची प्रत हीच आणि कंपनीला आखणीसाठी आगाऊ दिलेली प्रतही हीच. सोमवारी दुपारी तीन वाजता करारावर सह्या व्हायच्या होत्या. एकदा सह्या झाल्या की कागदावर जे आहे तेच खरं, आणि कागदावर राई नव्हती.

खाली येऊन त्यांनी बुधाजीला सांगितलं, "उद्या सकाळी तुमच्या खोलीवर येतो. पत्ता सांग."

घरी राजलक्ष्मीबाई जेवायच्या थांबल्या होत्या. नवऱ्याने कोट काढून खुंटीला न लावता खुर्चीवर टाकला, तेव्हाच त्यांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मनमोहनरावांनी सगळं सांगितलं. बायकोपासून काही लपवायची त्यांना सवय नव्हती, आणि लपवलं तरी त्या ताडत.

"अहो, मग सोमवारी लवकर जा, दुरुस्त करा आणि नव्या प्रती लावून टाका," त्या म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"कळणार नाही हे खरं. पण कंपनीच्या हातात जुनी प्रत आहे ना. उद्या भांडण लागलं, तर ते कोर्टात ती दाखवतील आणि म्हणतील, आम्हाला दिलं तेव्हा असं काही नव्हतं, सरकारने मागाहून घुसडलं. कोर्ट आधीची प्रत धरेल. राई गेलीच."

"मग?"

"मूळ नकाशात राई पहिल्या दिवसापासून होती आणि प्रतीत ती माझ्या चुकीमुळे उमटली नाही, असं फायलीवर लिहून सही करावी लागेल. मीच. ते एकदा लेखी असलं तरच कंपनीची जुनी प्रत रद्द ठरते."

राजलक्ष्मीबाईंनी पोळी वाढता वाढता हात थांबवला. "आणि एप्रिलातली जागा?"

"गेली."

"दादरच्या तुमच्या ताईंना मी सांगून बसलेय हो." त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्या म्हणाल्या, "पण एक सांगू? तुमच्या त्या हिरव्याचा तुम्हाला फारच तोरा होता."

मनमोहनरावांना राग आला. मग लक्षात आलं की राग येण्यासारखं त्यात काहीच नाही, कारण ते अक्षरशः खरं होतं. ते जेवू लागले.

रविवारी ते लालबागला गेले. कातळवण्याची खोली म्हणजे दहा बाय बारा, आणि तिच्यात पाळीपाळीने झोपणारे बावीस गाववाले. भिंतीला टांगलेल्या ट्रंका, वर दोरीवर वळलेल्या घोंगड्या. आज मात्र गॅलरीपर्यंत माणसं दाटली होती. मध्ये उभा राहून एक तरुण बोलत होता. त्याचं नाव जयवंत. गिरणीत टाइमकीपरच्या हाताखाली कारकून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला खंदा गडी.

"हे असंच होणार!" तो म्हणत होता. "द्विभाषिकाला कोकणचं काय पडलंय? आपलं जंगल विकलं, आपली राई विकली. उद्या सोमवारी, सह्यांच्या वेळेलाच, मोर्चा काढायचा कचेरीवर. पेपरात आलं पाहिजे. साऱ्या मुंबईला कळलं पाहिजे!"

लोक 'होय होय' म्हणत होते. दारात उभे राहून मनमोहनराव ऐकत होते, आणि एक क्षण त्यांना फार मोह झाला. किती सोपं होतं! त्यांना स्वतःलाही द्विभाषिक नकोच होतं. घरी राजलक्ष्मीबाई सभांना जात आणि ते, सरकारी नोकर म्हणून, मूग गिळून बसत. आता नुसतं गप्प राहायचं. सारं खापर सरकारवर फुटलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि त्यांच्या नावाला ओरखडाही आला नसता. खोटंही पूर्ण ठरलं नसतं, कारण फायलींचा डोंगर कुणी लादला होता?

पण मोर्चा गेला असता तर पोलीस आले असते. साहेबांनी फाइल उचलून कंपनीच्या बंगल्यावर नेली असती आणि त्या निळ्या कागदासकट सह्या उरकल्या असत्या. हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. ते गर्दीतून पुढे गेले.

"मी मनमोहन कोठारे," ते म्हणाले. "तो नकाशा मी काढला. राई कुणी विकलेली नाही. ती माझ्या चुकीने निळ्या कागदावर उमटली नाही." मग त्यांनी रंग, शाई, ऊन, सगळं समजावलं.

"म्हणजे तुमच्या रंगाच्या हौसेपायी आमचं पाणी जायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"होय," मनमोहनराव म्हणाले. "पण जाणार नाही. उद्या मी चूक लिहून देणार आहे आणि नकाशा दुरुस्त करणार आहे. मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नाही झालं, तर नरे पार्कात सभा घ्या आणि माझ्या नावाने शिमगा करा. मी स्वतः येऊन समोर बसेन."

जयवंतने त्यांच्याकडे टक लावून बघितलं. "सरकारी माणूस आपली चूक लिहून देतो, हे मी तरी कधी ऐकलं नाही."

"मीसुद्धा नाही," मनमोहनराव म्हणाले.

कुणीतरी हसलं आणि खोलीतला ताण जरा सैल झाला. बुधाजीने विचारलं, "नोकरी जायत काय साहेबानु?" मनमोहनराव म्हणाले, नोकरी जाणार नाही, जायचं ते दुसरंच आहे. मोर्चा मंगळवारवर गेला.

सोमवारी मनमोहनराव कचेरीत पोचले तेव्हा फक्त रामजी झाडू मारत होता. साडेदहाला सुपरिंटेंडेंट रघुवीर कर्णिक आले. खुर्चीत बसायच्या आत त्यांच्यापुढे टिपण ठेवलेलं. पहिलंच वाक्य होतं: 'चूक माझी आहे.' कर्णिकांनी ते दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं.

"कोठारे, वेड लागलंय का तुम्हाला? एप्रिल दीड महिन्यावर आलाय."

"माहीत आहे साहेब."

कर्णिक माणूस वाईट नव्हता. आपल्या माणसाला सांभाळून घ्यायची त्याची एक पद्धत होती, इतकंच. ते आवाज खाली आणून म्हणाले, "असं लिहा, प्रत काढताना ऊन कमी पडलं, म्हणून रंग उमटला नाही. रामजीकडून झालं. शिपाई माणूस, त्याला दोन शब्द बोलू, प्रकरण संपलं."

"रामजीने चौकट बरोबर वीस मिनिटं ठेवली होती. रेघा बघा कशा लख्ख उमटल्यात." मनमोहनरावांनी निळी प्रत पुढे सरकवली. "आणि ऊन कमी पडलं म्हटलं, तर कंपनीचा वकील उद्या विचारेल, मग रेघा कशा उमटल्या? खोटं तिथेच उघडं पडेल. साहेब, त्या राईला माझ्या खऱ्याशिवाय दुसरा आधार नाही."

कर्णिकांनी बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटली. मग त्यांनी समासात लिहिलं, दुरुस्तीस परवानगी. "नशीब तुमचं," ते पुटपुटले.

मनमोहनराव आपल्या टेबलाशी आले. त्यांनी ट्रेसिंग पसरलं, पेन शाईत बुडवलं आणि त्या निर्दोष हिरव्यावर तिरपी रेघ मारली. मग दुसरी. मग तिसरी. राईची सारी हद्द, झरी, झरीकडे जाणारी वाट, सगळं त्यांनी गवंडीकामाच्या रेघांनी भरून काढलं. शेजारच्या टेबलावरून माधव बघत होता. त्याने आपली बारीक टोकाची निब त्यांच्यापुढे ठेवली. मनमोहनरावांनी ती घेतली. ती खरंच चांगली निघाली.

बारा वाजता रामजी गच्चीवर चौकट घेऊन गेला. अडीचला सहा प्रती वाळल्या. प्रत्येकीवर राई पांढऱ्या रेघांत ठसठशीत उमटली होती.

तीन वाजता कंपनीतर्फे त्यांचे इंजिनियर आले. शशिकांत सुखटणकर, पस्तिशीचे, हुशार आणि तोंडाने गोड. कर्णिकांनी घसा खाकरत दुरुस्ती सांगितली आणि टिपण दाखवलं. सुखटणकरांनी नवी प्रत बघितली आणि हसू आवरून ते म्हणाले, "साहेब, आमची माणसं तिथे पोचली. नंबर पडले. उत्तम मँगनीज नेमकं त्या पट्टीत आहे. वरून उघडं खोदलं की स्वस्तात निघतं. आमच्या हातात सरकारनेच दिलेली प्रत आहे, तिच्यात असलं काही नाही."

कर्णिकांनी मनमोहनरावांकडे बघितलं. मनमोहनराव उभे होते, त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"सुखटणकर, स्वस्त पडतं म्हणून माझी चूक तुमचा हक्क होत नाही," ते म्हणाले. "आणि तुमचा हक्क बुडतोय कुठे? खालचं तुमचंच आहे. हे बघा." त्यांनी डोंगराच्या उंचीच्या रेषांवर बोट ठेवलं. "राई आहे माथ्याच्या अंगाला. तुमची पट्टी इथून उताराला बाहेर डोकावते. बोगद्याचं तोंड खालच्या उतारावर घ्या, राईच्या बाहेर. वरचा साठ फुटांचा थर तसाच राहू द्या आणि झरीपासून दोनशे फूट लांब राहा. मँगनीज तुमचं, पाणी त्यांचं. खर्च थोडा वाढेल. पण गावाशी वैर घेऊन खाण चालवायचा खर्च किती येतो, तो माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक."

सुखटणकर नकाशावर वाकले. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून दोन ठिकाणी मापं घेतली. त्यांना ते पटत होतं, हे दिसत होतं. पण जुन्या प्रतीवरचा हात काही त्यांनी उचलला नव्हता.

तेव्हा मनमोहनरावांनी विचारलं, "एक विचारू? खुणांच्या तक्त्यातली हिरव्या क्षेत्राची ओळ तुम्ही वाचली होतीत?"

"वाचली होती."

"मग सगळ्या कागदावर हिरवं कुठेच नाही, हे दिसलं असेल. विचारावंसं नाही वाटलं?"

कर्णिकांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"वाटलं होतं," सुखटणकर म्हणाले. "पण विचारलं असतं, तर तुम्ही दाखवलं असतं. म्हणून नाही विचारलं."

हिरवं क्षेत्र असल्याचं ठाऊक होतं, हे कबूल केल्यावर जुन्या प्रतीचा आधार उरला नव्हता. त्यांनी जुनी प्रत कर्णिकांपुढे सरकवली. कर्णिकांनी तिच्यावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि खाली मनमोहनरावांच्या टिपणाचा क्रमांक घातला. करारात साठ फुटांचं आणि दोनशे फुटांचं कलम हाताने लिहून वाढवलं गेलं. चार वाजून दहा मिनिटांनी सह्या झाल्या. मनमोहनराव खाली आले, खांबापाशी उभ्या असलेल्या बुधाजीला म्हणाले, "राई राहिली." बुधाजी त्यांचे पाय धरायला वाकला, तर मनमोहनरावांनी त्याला अर्ध्यातच धरून ताठ उभं केलं. "पाय कसले धरतोस? माझ्यामुळेच तर तुझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. जा, जयवंतला सांग, मोर्चा दुसऱ्या कामाला लाव म्हणावं."

मार्चच्या अखेरीला मनमोहनरावांना ठपक्याचा मेमो मिळाला. सर्व्हिस बुकात त्याची नोंद झाली, लाल शाईत. सव्वीस वर्षांतली पहिली. एप्रिलात माधव हेड ड्राफ्ट्समन झाला. मनमोहनरावांनी त्याचं अभिनंदन केलं आणि ते मनापासून होतं, असं म्हटलं तर ती थाप होईल. त्यांना झोंबलं. चांगले आठ दिवस झोंबत होतं. दादरच्या ताई मुद्दाम पेढ्यांची आठवण काढायला आल्या, तेव्हा राजलक्ष्मीबाईंनी त्यांना असं काही सुनावलं की त्या चहा अर्धा टाकून गेल्या.

नवव्या दिवशी मनमोहनराव माधवच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, एक परवानगी हवी आहे." आपल्याला साहेब म्हटल्यावर माधव कावराबावरा होऊन उठूनच उभा राहिला. "फेरो सुरू झाल्यापासून मी रंगवलेले जेवढे नकाशे बाहेर गेले, तेवढे मला पुन्हा बघायचे आहेत."

त्रेचाळीस निघाले. ठाणे, कुलाबा, भंडारा, चांदा, कुठकुठली जंगलं. मनमोहनराव मूळ ट्रेसिंग एका हाताला आणि निळी प्रत दुसऱ्या हाताला ठेवून एकेक ताडून बघत गेले. बऱ्याच नकाशांत राखीव तुकड्याच्या कडेने ओढा होता किंवा गाडीवाट होती. तिची शाईची रेघ उमटली होती, म्हणून ते निभावले होते. पण सगळे नाही. चार दिवसांनी त्यांनी वेगळा काढलेला गठ्ठा मोजला. अकरा नकाशे होते. कुठे तळं होतं, कुठे मसणवट, कुठे मोहाच्या झाडांचा पट्टा. अकरांच्या निळ्या प्रतींत त्या जागा इथून तिथून कोऱ्या होत्या, आणि त्यातल्या सहांवर तर सह्या होऊन गेल्या होत्या.

त्या अकरा गावांची नावंसुद्धा मनमोहनरावांना नीट उच्चारता येत नव्हती. तिथला कुणी मुंबईच्या गिरणीत नव्हता. तिथून कुणाच्या भावाला चिठी आली नव्हती आणि खांबाला टेकून कुणी उभं राहिलं नव्हतं. मनमोहनराव गठ्ठ्यापुढे बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. शेजारी बाकावर रामजी होता, त्याने तोंड फिरवलं.

गठ्ठा घेऊन ते कर्णिकांच्या खोलीत गेले. कर्णिकांनी कपाळाला हात लावला. "कोठारे, एका चुकीला मेमो मिळतो. अकरांना काय मिळतं, ते मलाही माहीत नाही. सह्या झालेले करार पुन्हा उघडायचे म्हणजे वरपर्यंत बोंब होईल. पेन्शन जवळ आलीय तुमची. हे कुणीही तुम्हाला मागितलेलं नाही."

"नाही मागितलं," मनमोहनराव म्हणाले, "त्यांना ठाऊकच नाही ना साहेब."

ते टेबलाशी परत आले. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, बाह्या सारख्या केल्या आणि अकरा कोरे कागद एकावर एक रचून घेतले. मग पहिल्या कागदावर गावाचं नाव घालून त्यांनी सुरुवात केली: चूक माझी आहे.